फूल पाहून रजई, ओल पाहून कापूस



गेल्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी बैठक लांबली आणि मुक्काम पडला. घराच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. भाव चढेल या आशेने राखलेला. त्याच्या कडेला उरलेल्या जागेत माझी पथारी पडली. घरच्या माउलीने अंगावर घ्यायला मोठमोठ्या गुलाबी फुलांची रजई दिली. हातात घेतली तर पिसासारखी हलकी. एका कोपऱ्याची शिवण उसवली होती, त्यातून पांढरा चकचकीत तंतू डोकावत होता. कापूस नव्हे, पॉलिएस्टर.

मी कृषीचा पदवीधर, त्यात सभांमधून बोलायची सवय. गप्प बसवले नाही. म्हटले, "ताई, खोलीभर कापूस घरात, आणि अंगावर प्लास्टिक?"

ती चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "भाऊ, कापसाची होती आमच्या घरी. लेकरानं रात्री ओली केली का चार दिवस वाळत नव्हती. पिंजारी आता गावात येत नाही. बुढीले जड पांघरून सोसत नाही. हे धुतली का दुपारपर्यंत वाळते. तुमी धुवाले येत असान तं उद्या कापसाची शिवतो."

मी निरुत्तर झालो. थोड्या वेळाने तिनेच पुढे सांगितले, "दुकानदारानं तं कॉटन म्हनूनच देली होती. घरी आल्यावर समजलं."

त्या रात्री त्या रजईत मला ऊब चांगली मिळाली, झोप मात्र लागली नाही. तिच्या दोन वाक्यांत दोन वेगळे मुद्दे होते. पहिल्यात तिचे बरोबर होते आणि माझे चूक. दुसऱ्यात ती फसवली गेली होती आणि तिच्या वतीने भांडायला कोणी नव्हते. आपण मंडळी पहिल्या मुद्द्यावर उपदेश करतो आणि दुसऱ्यावर मूग गिळतो. हा लेख त्याबद्दल आहे.

उपदेशाचा धंदा बंद करा

"कापूस पिकवणाऱ्याने कृत्रिम धागा अंगाला लावू नये" हे वाक्य मी स्वतः किती सभांत टाळ्यांसाठी वापरले, त्याची मोजदाद नाही. १९८५ च्या जूनमध्ये केंद्राने नवे वस्त्रोद्योग धोरण आणले आणि कृत्रिम धाग्याला मोकळे रान मिळाले. तेव्हा चळवळीने त्या कापडाला 'राजीवस्त्र' हे नाव दिले, होळ्या पेटवल्या. राग खरा होता. पण होळीत कापड जळाले, दुकानापुढची रांग काही हटली नाही. का हटली नाही, याचा विचार आपण केला नाही.

धोतर रोज धुवायचे, वाळवायचे, दोन वर्षांत फाटायचे. टेरिकॉटची विजार पाच वर्षे टिकायची आणि इस्त्री मागायची नाही. ज्याच्याकडे दोनच कपडे आहेत त्याने कोणते घ्यावे हे त्याला कळत होते. शहरातला माणूस सुती घालतो तेव्हा त्याचा कपडा धुवायला बाई असते आणि इस्त्रीला माणूस. त्याने कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरच्या बाईला साधेपणा शिकवावा, यासारखा विनोद नाही.

शेतकरी जसा पिकवणारा आहे, तसा तो गिऱ्हाईकही आहे. गिऱ्हाइकाने स्वस्त, टिकाऊ आणि सोयीचा माल घ्यावा, हा बाजाराचा साधा नियम. आपल्या कापसाला मोकळा बाजार मागायचा आणि घरच्या लक्ष्मीला मात्र बाजारात जाताना शपथ घालायची, हे दुटप्पीपण झाले. तेव्हा पहिली गोष्ट, फायबरची रजई घेणे हे पाप नाही. ती डोळे मिटून घेणे, हा मात्र तोटा आहे.

ऊब कशाची असते?

रजईत ऊब ना कापसाची असते ना पॉलिएस्टरची. ती असते अडकून राहिलेल्या हवेची. तंतूंच्या जाळीत हवा स्थिर राहते आणि अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून दबलेली रजई थंड लागते आणि पिंजून फुललेली गरम. जो तंतू दबून पुन्हा उठतो, तो चांगला.

रजईत भरायचे चांगले पॉलिएस्टर आतून पोकळ असते, त्याला मळसूत्रासारखा पीळ दिलेला असतो आणि वरून सिलिकॉनचा हात फिरवलेला असतो. त्यामुळे ते फुलून राहते, चिकटत नाही, थोड्या वजनात जास्त हवा धरते. हलकेपणाचे गुपित एवढेच. त्यात पाणीही मुरत नाही. प्रयोगशाळेच्या प्रमाण हवेत कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून ते दुपारपर्यंत वाळते. त्या माउलीने चुलीपुढे बसून सांगितले ते वस्त्रशास्त्राचे पुस्तकही तसेच सांगते.

याच गुणाला दुसरी बाजू आहे. अंगाचा घाम कापूस शोषतो, पॉलिएस्टर शोषत नाही. आपल्याकडे कडाक्याची थंडी पडते डिसेंबर-जानेवारीत, तीही रात्री दहा अंशांच्या खाली-वर, आणि मोजक्या आठवड्यांची. जाड फायबरची रजई घेतली तर मध्यरात्री घाम फुटतो, पांघरूण लाथाडले जाते आणि पहाटे लेकरू उघड्यावर पडून खोकते. आपल्या हवेला जाड रजई नको, बेताची हवी आणि तिच्याखाली एक सुती चादर. चादर घाम टिपते, रजई हवा धरते. कमी पैशांत दोन्ही गुण मिळतात.

शेकोटीपाशी ही रजई नेऊ नका

आता जिवाची गोष्ट. रानडुकरे वाढली तशी जागल वाढली. ज्वारी हुरड्यावर आली, हरभरा घाट्यावर आला की माणूस रात्र रानात काढतो. मचाणाखाली शेकोटी आणि अंगावर घरातली हलकी रजई.

माझ्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ असेच शेकोटीच्या उबेला झोपले होते. ठिणगी उडाली. कापूस असता तर जळाला असता. पॉलिएस्टर वितळले. अडीचशे अंशांच्या वर ते पातळ होते आणि गरम गुळाच्या पाकासारखे कातडीला चिकटते. म्हाताऱ्याने घाबरून रजई ओढून काढली, तिच्याबरोबर पोटरीची साल निघाली. तीन महिने ते खाटेवर होते.

कापसाचीही बाजू घेत नाही. विडीची ठिणगी कापसाच्या रजईत पडली तर ज्वाळा न दिसता आतल्या आत धुमसत राहते आणि झोपेतच धूर कोंडतो. दोन्ही रजया आगीपाशी वाईट, पण वितळून चिकटण्याचा धोका फायबरचाच. रानात जायचे तर धनगरी घोंगडी घ्या. लोकर सहज पेट घेत नाही, दव पडले तरी ऊब सोडत नाही. आपल्या बापजाद्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली ती काही शोभेसाठी नव्हे.

आणि एवढे घरात सर्वांना सांगून ठेवा. वितळलेले कापड अंगाला चिकटले तर ओढू नका. वीस मिनिटे साध्या गार पाण्याची धार धरा आणि तसेच दवाखान्यात न्या. शाई, हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

घ्यायचीच तर अशी घ्या

इंग्लंडमध्ये रजईवर 'टॉग' नावाचा आकडा छापतात. साडेचार म्हणजे उन्हाळ्याची, साडेतेरा म्हणजे कडक थंडीची. तिथले गिऱ्हाईक आकडा वाचून रजई घेते. आपण फूल पाहून घेतो. मोर आहे का, गुलाब आहे का, लग्नात द्यायला भारी दिसते का. आत काय भरले ते कोणी विचारत नाही. तर हे विचारा:

एक. वजन करा. एकट्या माणसाची रजई साधारण पाच फूट बाय साडेसात फूट, म्हणजे साडेतीन चौरस मीटर. वेष्टनावर 'जीएसएम' लिहिलेले असते. एका चौरस मीटरला किती ग्रॅम भरण, त्याचा तो आकडा. दोनशेचा दावा असेल तर आत सातशे ग्रॅम भरण हवे, तीनशेचा असेल तर एक किलोच्या वर. वरच्या कापडाचे दोन पदर मिळून अर्धा ते पाऊण किलो भरतात. आता रजई काट्यावर टाका. दावा तीनशेचा आणि सगळे मिळून वजन सव्वा किलोच्याही आत, तर दुकानदार खोटे बोलतो. आपल्याकडे दीडशे ते दोनशे पुरे. म्हाताऱ्या माणसाला थोडे जास्त.

दोन. मुठीत दाबा. रजईची घडी घालून दोन्ही हातांनी दाबा आणि सोडा. लगेच फुलून वर आली तर तंतू पोकळ आणि पिळाचा आहे. दबलेलीच राहिली, किंवा हाताला गाठी लागल्या, तर आत कारखान्याची झाडलोट भरली आहे. ती पहिल्याच धुण्यात गोळा होते.

तीन. शिवण मोजा. टाक्यांच्या ओळींत वीतभर अंतर असेल तर भरण एका कोपऱ्यात सरकणार. चार-पाच बोटांच्या चौकड्या असतील तर जागेवर राहील.

चार. 'कॉटन' शब्दाला भुलू नका. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत कॉटन असते, तेव्हा बहुधा वरचे कापडच तेवढे सुती असते. कधी तर तेही नसते, 'कॉटन फील' असते. म्हणजे कापूस नाही, कापसासारखा भास. 'मायक्रोफायबर' म्हणजेही बारीक पॉलिएस्टर. आत काय आहे, असे स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

पाच. घरी आणल्यावर शिवणीतून चिमूटभर तंतू काढा आणि चिमट्यात धरून काडी लावा. कागद जळल्याचा वास आला आणि मऊ राखाडी राख झाली तर कापूस. आक्रसून वितळला, काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. लहान मुलाला करता येईल अशी ही परीक्षा आहे. फक्त पाण्याच्या थेंबाची परीक्षा करू नका. कच्च्या रुईवर मेण असते, थेंब तिच्यावरही तरंगतो आणि खरा कापूस खोटा ठरतो.

मोजमाप एकाच बाजूचे

इथे माझे खरे भांडण सुरू होते.

तुम्ही कापूस घेऊन खरेदी केंद्रावर जाता तेव्हा काय होते? ढिगात यंत्र खुपसतात. ओल आठ टक्क्यांच्या वर गेली की दर टक्क्याला कपात, बाराच्या वर गेली की गाडी परत. धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात. जाडी-बारीकपणाला मायक्रोनेअरचा आकडा लावतात. पाला किती, कवडी किती, सगळ्याची झडती होते. आमची तक्रार मोजण्याबद्दल नाही. मालाची प्रत ठरवून भाव द्यावा, हे आम्हीच म्हणत आलो.

पण त्याच कापसाचे पैसे घेऊन तुम्ही त्याच गावच्या बाजारपेठेत रजई घ्यायला जाता, तेव्हा सगळी यंत्रे कुठे जातात? तिथे वजन नाही, प्रत नाही, आत काय आहे ते सांगायची गरज नाही. 'प्युअर कॉटन' म्हणून पॉलिएस्टर गळ्यात मारले तर कपात कोणाची होते? विकताना शेतकरी यंत्रापुढे उभा आणि घेताना फुलापुढे. ही लूट दुहेरी आहे. पहिली लूट आपल्याला दिसते, म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. दुसरी गुलाबी वेष्टनात येते, म्हणून आपण ती हसतमुखाने घरी आणतो.

यात आपल्या कापसाचीही अब्रू जाते, ते लक्षात घ्या. 'कॉटन' म्हणून घेतलेली ती रजई दोन वर्षांत गोळे होऊन फेकली जाते आणि गिऱ्हाईक म्हणते, कापसात काही दम राहिला नाही. माल त्यांचा, बदनामी आपली.

कापूस का हरला?

आता कडू औषध घ्यायची तयारी ठेवा. "सरकारने पॉलिएस्टरला डोक्यावर घेतले म्हणून कापूस मेला" हे वाक्य सोपे आहे, पण पुरते खरे नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कापसावर ५ टक्के कर होता आणि कृत्रिम तंतूवर १८. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ वर आला. म्हणजे मधली आठ वर्षे कराचे पारडे कापसाच्या बाजूला होते. तरीही रजईचा बाजार त्यांनीच नेला. जगभरात आज जेवढा तंतू तयार होतो त्यात निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे, कापूस पाचव्या हिश्श्याच्या आसपास.

पॉलिएस्टरचा शोध लावला विनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी. १९४१ साली, इंग्लंडात, सुती कापडावर छपाई करणाऱ्या कंपन्यांच्या संघाच्या प्रयोगशाळेत. वऱ्हाडच्या कापसावर ज्यांच्या गिरण्या चालल्या, त्या लँकेशायरनेच कापसाचा प्रतिस्पर्धी जन्माला घातला. तेव्हापासून त्यांनी तंतू पोकळ केला, पीळ दिला, बाटल्या वितळवून तंतू काढला. कारखाना बारा महिने चालतो, त्याला बोंडअळी लागत नाही, जूनमध्ये आभाळाकडे पाहावे लागत नाही.

आणि कापसाच्या बाजूने काय झाले? १९७२ पासून जवळजवळ तीस वर्षे महाराष्ट्राचा कापूस एकाधिकार खरेदीच्या दावणीला बांधला होता. पुढे दावण सुटली, पण दाराला कुलूप राहिले. एप्रिल २०१० मध्ये निर्यात रोखली. ५ मार्च २०१२ ला निर्यातबंदी घातली आणि आरडाओरड झाल्यावर आठवड्याभरात मागे घेतली. भाव मात्र पडायचे ते पडून गेले. १९ ऑगस्ट २०२५ ला आयातीवरचे ११ टक्के शुल्क उठवले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत, ऐन वेचणीच्या हंगामात. आत येणाऱ्या कापसाला दार सताड उघडे, बाहेर जाणाऱ्याला लहर लागली की कडी. पॉलिएस्टरला कोणी सांगितले नाही की यंदा भाव चढला, सबब माल विकू नका.

म्हणून आपली मागणी पॉलिएस्टरवर बंदीची नाही. त्यांनी खुशाल विकावे. त्यांना जेवढी मोकळीक आहे तेवढी आम्हाला द्या, मग कोण हरतो ते पाहू. शर्यतीत एकाचे पाय बांधायचे आणि हरला की त्याला आळशी म्हणायचे, हे चालणार नाही.

आपल्या हातात काय आहे?

दिल्लीचे दिल्लीत मागूच, पण काही गोष्टी गावात करण्यासारख्या आहेत.

कापसाच्या रजईला तीन किलो रुई लागते. शंभराला चौतीस उतारा धरला तर नऊ किलो कापूस. २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या ८,११० रुपये हमीभावाने त्याचे ७३० रुपये होतात. तुम्हाला बाजारात कमी मिळाला असेल तर तुमचा आकडा तुम्ही मांडा. त्यातून सहा किलोच्या आसपास सरकी परत मिळते, ती ढेपेच्या कामाची. मग अडते कुठे? पिंजाईत. जिनिंगवाला नऊ किलो कापूस रेचून देत नाही आणि पिंजारी गावातून गेला. त्याची धुनकी गेली ती आपल्या देखत गेली, आपण ओरडलो नाही. पाच-दहा गावांमागे एक लहान रेचाई-पिंजाई यंत्र उभे राहिले, ते बचत गटाने किंवा त्याच पिंजाऱ्याच्या पोराने चालवले, तर हंगामात काम पुरेल. शिवाय फायबरची रजई गोळे झाली की उकिरड्यावर जाते. कापसाची चार-पाच वर्षांनी पुन्हा पिंजली की नवी होते.

भरणाला लांब धागा लागत नाही. आखूड, जाड, तट्ट रेषा उत्तम. आपला आखूड धाग्याचा देशी कापूस यासाठी चांगला. बांधाच्या कडेला चार ओळी देशीच्या लावल्या तरी घरच्या रजया निघतील. डागी कापूस असला तरी चालेल, भरणाला रंग कोण पाहतो? पण अळीने खाल्लेल्या अर्धकच्च्या बोंडांची रुई भरू नका. कच्ची रेषा उठत नाही, दबूनच राहते.

राहिला धुण्याचा प्रश्न, जो त्या माउलीने मला विचारला. उशीला अभ्रा असतो तसा रजईलाही करा. जुन्या सुती साडीची खोळ, तीन बाजूंनी शिवलेली, चौथीला नाड्या. खोळ आठवड्याला धुवा, रजई उन्हात टाका. लेकराच्या अंथरुणापुरती मात्र फायबरची रजई राहू द्या, तिथे ती सरस आहे. म्हातारीला हलकी हवी तर तिलाही फायबरचीच द्या. जिथे ज्याचा गुण तिथे त्याचा मान.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने घरात 'कॉटन' म्हणून आलेल्या एका रजईचा चिमूटभर तंतू पुडीत बांधून आणावा, सोबत बिल असेल तर बिल. आपण तिथे सगळ्यांसमोर काडी लावू. किती मणी होतात आणि किती राख, ते मोजू आणि तो आकडा घेऊन वजनमापे खात्याच्या दारात जाऊ. मागणी एकच. रजईच्या वेष्टनावर आतले भरण काय आणि किती ग्रॅम, हे मराठीत, वरच्या फुलाएवढ्या मोठ्या अक्षरात छापा.

त्या माउलीला मी निघताना विचारले, "ताई, बैठकीला येणार?" ती म्हणाली, "येतो. पन रजई धुवून वाळू द्या आधी."